साहेबाच्या ड्रॉइंगची जीटी

दर महिन्याच्या पहिल्या रविवारी मी एक फार पूर्वी वारलेला इंग्रज इंजिनिअर होतो. डोक्यावर उंच काळी टोपी, अंगात ऑप शॉपमधून, म्हणजे इथल्या जुन्या कपड्यांच्या दुकानातून, पैदा केलेला लांब कोट आणि गालांवर पांढरेशुभ्र कल्ले. कल्ले कापसाचे. बायको ज्या पुडीतल्या कापसाच्या वाती वळते, त्याच पुडीतले. पहिल्या प्रयोगाला मी ते मधाने चिकटवले होते. त्या दिवशी प्रेक्षकांपेक्षा माश्या जास्त आल्या.

प्रयोगाची जागा म्हणजे ऑकलंडच्या दक्षिणेला, ओढ्याकाठी असलेलं विटांचं एक जुनं पंप हाउस. आत वाफेवर चालणारं दुमजली इंजिन आहे. वरच्या मजल्यावर एक लोखंडी तुळई सी-सॉसारखी वरखाली होते आणि खाली माणसाच्या दुप्पट उंचीचं चाक फिरतं. एके काळी हे इंजिन अख्ख्या गावाला पाणी पाजत असे. आता ते आम्हा हौशी मंडळींना रविवारचं काम पाजतं. सोमवार ते शुक्रवार मी शहरातल्या एका ऑफिसात इमारतींच्या एअर कंडिशनिंगची ड्रॉइंग्ज तपासतो. दुसऱ्यांनी काढलेल्या ड्रॉइंगमधल्या चुका शोधणं हा माझा पोटापाण्याचा धंदा आहे, हे कृपया ध्यानात असू द्या.

मी ज्याचं सोंग घेतो त्या इंजिनिअरला आमच्या घरात नुसतं ‘साहेब’ म्हणतात. इंजिन इथे उभं केलं ते त्याने. त्याचं आयुष्य मी त्याच्याच तोंडून, जरा मीठमसाला लावून सांगतो. माझ्या मुलीने एकदाच पाहिलं आणि गाडीत बसल्यावर म्हणाली, “बाबा, यू वेअर बीइंग सो एक्स्ट्रा.” म्हणजे अतीच केलं. मी ती दाद समजलो.

पंप हाउसचा खरा मालक मात्र चीफ. कागदोपत्री नव्हे, पण कागद कोण बघतो. आयुष्यभर बोटींवर इंजिनिअर म्हणून काढलेला, ऐंशी ओलांडलेला हा गोरा म्हातारा निवृत्त झाल्यापासून या इंजिनाशी संसार करत होता. बॉयलर पेटवणं, तेल घालणं, वाफ सोडणं, सगळं त्याचं. मला तो ‘नट’ म्हणायचा, तेही कौतुकाने नाही.

“आज साहेब फार बोलला,” प्रयोगानंतर तो म्हणायचा. “इंजिनाला मध्ये बोलू दे.”

मागच्या वर्षी ते इंजिनच गप्प झालं. चाकाचा आस ज्या बेअरिंगवर टेकतो, त्याच्या खालच्या ब्राँझच्या शेलला तडा गेला. शेल म्हणजे उभी चिरलेल्या नळीची अर्धी फाक समजा. एक फाक आसाच्या वर, एक खाली. वरच्या फाकेला भोक असतं, त्यातून तेल आत जातं. खालची फाक चाकाचा सगळा भार घेते आणि ते तेल धरून ठेवते. ही खालची फाक गेली आणि चाक थांबलं. त्याच सुमाराला चीफच्या मुलीने ठरवलं की बाबांनी आता एकट्याने राहायचं नाही. ती पोरिरुआला राहते, म्हणजे उत्तर बेटाच्या पार खालच्या टोकाला. तारीखही ठरली. आमच्या पुढच्या खुल्या रविवारच्या दुसऱ्या दिवशी चीफ जाणार.

त्याने तक्रार केली नाही. डबा उघडता उघडता एवढंच म्हणाला, “फिरताना एकदा बघून गेलो असतो तर बरं झालं असतं.” आणि सँडविचमधला टोमॅटो काढून बाजूला ठेवला.

म्हणून शेल नवीन करायचं ठरलं. जुनं मोजून उपयोग नव्हता. ते झिजून वेडंवाकडं झालेलं, वर तुकडे गळालेले. पण साहेबाच्या हाताखाली काढलेलं मूळ ड्रॉइंग कपाटात होतं. मेणकापडासारख्या पारदर्शक कापडावर काळ्या शाईने काढलेलं, सतरंजीएवढं, गुंडाळून गुंडाळून ताठ झालेलं. स्कॅन करायला न्यावं तर उलगडताना कडा मोडायच्या. फोटो काढावा तर मापं फिकट, दिसेनात. मागून उजेड धरला की मात्र रेघ न् रेघ दिसत होती.

मागून उजेड. महाराष्ट्रात इंजिनिअरिंग शिकलेल्या माणसाला हे दोन शब्द ऐकवा आणि त्याचा चेहरा बघा. आमच्या हॉस्टेलमध्ये या विद्येला जीटी, म्हणजे ग्लास ट्रेसिंग, म्हणत. काच आडवी ठेवायची, खाली दिवा लावायचा, काचेवर हुशार मुलाची ड्रॉइंग शीट, तिच्यावर आपला कोरा कागद, आणि निवांत गिरवायचं. चार वर्षांत मी स्वतःच्या डोक्याने किती शीट काढल्या ते विचारू नका. पण जीटीत माझा हात धरणारा कोणी नव्हता. मित्र त्यांच्या शीट माझ्याकडून मारून घेत आणि मी बदल्यात मिसळ खात असे.

“हे मी करतो,” मी चीफला म्हणालो. “माझं खास शिक्षण झालंय.”

“कुठे?”

“पुण्यात.”

गंमत म्हणजे साहेबाचंही शिक्षण असंच झालं होतं, फक्त राजमान्य. त्या काळी कारखान्यात उमेदवारी संपत आली की हुशार पोराला ड्रॉइंग ऑफिसात बसवत, आणि तिथे तो महिनोन्महिने फक्त ट्रेसिंग करत असे. वरिष्ठाने पेन्सिलीने काढायचं, याने त्यावर कापड अंथरून शाईने गिरवायचं. गिरवता गिरवता यंत्र समजतं, अशी त्यांची श्रद्धा होती. आमची श्रद्धा अशी की गिरवलं की समजून घ्यायची गरज उरत नाही.

एका शनिवारी पंप हाउसमध्येच सगळं मांडलं. जुन्या शोकेसची काच दोन लाकडी घोड्यांवर, खाली एलईडीचा दिवा, काचेवर साहेबाचं कापड, त्यावर नवा ट्रेसिंग पेपर. हॉस्टेलच्या बल्बने काच तापायची आणि कोपर भाजायचं. इथे ती अडचण नव्हती. चीफ स्टुलावर बसून होता. मी चहाचा कप उचलला की तो न बोलता माझ्या हातातून घ्यायचा आणि लांब ठेवून यायचा. दुपारपर्यंत काम फत्ते. रेघा अशा उतरल्या होत्या की कोणतं साहेबाचं आणि कोणतं माझं ते कळू नये. ट्रेसिंग मी ओटाहुहुतल्या एका छोट्या वर्कशॉपला दिलं.

दोन दिवसांनी तिथल्या टोंगन मशिनिस्टचा फोन आला.

“किया ओरा,” त्याने इथला माओरी नमस्कार घातला. “खालच्या शेलमधलं भोक केवढं करू? माप दिसत नाही.”

आता इथे खरं उत्तर होतं, ‘बघून सांगतो.’ पण तुम्ही आमच्या विद्यापीठाची तोंडी परीक्षा दिलेली नाही. समोर परीक्षक बसलेला असताना ‘माहीत नाही’ म्हणायचं नसतं, हे आम्ही पहिल्या वर्षी शिकतो. शीटवर काही आहे ना, मग ते बरोबरच आहे आणि त्याचं कारणही आहे. आवाज खणखणीत ठेवायचा.

“वरच्याएवढंच,” मी म्हणालो.

“शुअर?”

“हो, हो.”

“स्वीट अ‍ॅज,” म्हणजे इथल्या बोलीत ‘झकास’, तो म्हणाला आणि फोन ठेवला.

शेल गुरुवारी संध्याकाळी हातात आलं. सोन्यासारखं चमकत होतं. मी ते घरी आणून स्वयंपाकघराच्या ओट्यावर टॉवेलवर ठेवलं आणि नव्या नवरीला बघावं तसं चहूबाजूंनी बघितलं. बायको फार्मसिस्ट आहे. दिवसभर हॉस्पिटलात दुसऱ्यांनी लिहिलेली औषधं तपासून घरी येते आणि मग मला तपासते.

“छान आहे,” ती म्हणाली. “खाली भोक कशाला?”

“जादा तेल बाहेर जायला.”

“आणि वरचं?”

“तेल आत जायला.”

“म्हणजे वरून घालायचं आणि खालून जाऊ द्यायचं.” तिने कुकरचं झाकण लावलं. “मग सरळ जमिनीवरच ओत ना, मधल्या भानगडी कशाला?”

मी शेल उलटं करून बघितलं. मघाशी सांगितलं ते आठवा, खालच्या शेलचं काम तेल धरून ठेवणं. हे मी दर महिन्याला दीडशे लोकांना टोपी घालून सांगतो.

“अरे, दाखव बघू ते ड्रॉइंग,” ती म्हणाली. मी ट्रेसिंगची प्रत जेवणाच्या टेबलावर पसरली. तिने चष्मा वर सरकवला. “वरच्या भोकाला माप आहे. प्रत्येक कडेला माप आहे. याला नाही. माझ्याकडे असं डोस नसलेलं औषध आलं तर मी ते देत नाही. तू काय केलंस?”

“दिलं.”

“किती?”

“वरच्याएवढं.”

ती हसली नाही. हसली असती तर बरं झालं असतं. शिट्टी झाली, तिने गॅस बारीक केला आणि म्हणाली, “रविवारी त्यांना बघायचंय ना ते फिरताना?”

शुक्रवारी ऑफिसला सुट्टी टाकून पंप हाउसला गेलो. कापड काचेवर घातलं, दिवा लावला. तेच वर्तुळ. दिवा बंद केला, कापड खिडकीशी नेलं आणि तिरपं धरलं. शाईच्या रेघेला एक चमक असते. या वर्तुळाला नव्हती. ते तपकिरी होतं. साहेबाच्या काळातल्या कुणाच्या तरी हातून चहाचा नाहीतर तेलाचा एक थेंब कापडावर पडला होता. थेंब वाळताना त्याची कड गडद होते, आणि मागून उजेड आला की सगळे रंग काळेच दिसतात. मी तो डाग कंपास लावून, गोल करून, सुबक गिरवला होता. हॉस्टेलमध्ये एका पठ्ठ्याने जीटी मारताना मित्राचा रोल नंबरसुद्धा गिरवला होता आणि आम्ही त्याला वर्षभर चिडवलं होतं. त्याची मी मनोमन माफी मागितली.

चीफ आला तेव्हा शेल, कापड आणि मी असे तिघे टेबलाशी उभे होतो. सगळं सांगितलं. त्याने भोकात करंगळी घातली, बाहेर काढली, बघितली.

“पुण्यात किती वर्षांचा कोर्स असतो?” त्याने विचारलं.

“चार.”

“हम्म.” तो स्टुलावर बसला. डबा उचलून मांडीवर घेतला. मला वाटलं, झालं, आता हा उठणार आणि घरी जाणार. नवीन शेल करायला आठवडा तरी हवा होता, आणि आमच्याकडे आठवडा नव्हता.

“ब्राँझचा तुकडा आहे का?” तो म्हणाला. “भोकात आटे पाड. बूच बसव, घट्ट. डोकं काप, कानसून सपाट कर. मग स्क्रेप करून आसाशी जुळव. मी केलं असतं, पण हे बघ.” त्याने हात पुढे केला. बोटं थरथरत होती. “हात तुझे, नजर माझी.”

स्क्रेप करणं म्हणजे काय ते सांगतो. आसाला निळा रंग पुसट लावायचा. चाक जॅकने केसभर उचलायचं, शेल आत सरकवायचं, चाक टेकवून थोडं हलवायचं, पुन्हा उचलून शेल बाहेर काढायचं. जिथे निळं लागलं तो उंचवटा. तो धारदार पातीने खरवडायचा, आणि पुन्हा पहिल्यापासून. निळे ठिपके सगळीकडे सारखे उमटेपर्यंत. साहेबाच्या उमेदवारीत पोरांना वर्षभर हेच देत, कानस आणि पाती. आमच्या कॉलेजच्या वर्कशॉपमध्येही कानस होती. पण तिथे मागच्या बॅचचा तयार जॉब, म्हणजे कानसलेला तुकडा, मिळत असे, त्यावरचा नंबर घासून.

शनिवारी सकाळी बसलो. शेल व्हाइसच्या लोखंडी जबड्यात धरलं. बूच चांगलं बसलं. मग निळं, खरवड, निळं, खरवड. बाकीचे स्वयंसेवक जॅक मारत होते आणि वाकून बघत होते. चीफ ठिपक्यांवरून अंगठा फिरवायचा.

“इथे अजून.”

“इथे काही दिसत नाही.”

“दिसत नसेल. लागतंय.”

दुपारी बायको डब्यात पोहे घेऊन आली. चीफने ते बशीवर नीट सपाट केले, लिंबू पिळलं, खाल्ले आणि म्हणाला, “हिने ड्रॉइंग तपासलं असतं तर आपण काल चालू केलं असतं.”

“तेच म्हणते मी,” बायको म्हणाली. दोघं माझ्याकडे न बघता एकमेकांकडे बघून हसली. संध्याकाळी त्याने शेलवरून शेवटचा अंगठा फिरवला आणि पातीवर हात ठेवून ती माझ्या हातातून काढून घेतली. बास, असा अर्थ होता.

रविवारी गर्दी झाली. चीफ जाणार हे सगळीकडे कळलं होतं. त्याची मुलगीही आली होती, लांबट चेहऱ्याची, बापासारखीच ताठ. बॉयलर पहाटेपासून पेटवलेला. मी कल्ले लावून चौथऱ्यावर उभा. ठरलं असं की चीफ वाफ सोडेल, चाक फिरू लागेल, आणि तो बेअरिंगवर हात ठेवून राहील. ते तापलं तर त्याला इंजिन ताबडतोब थांबवावं लागणार. नीट चाललं, हे खात्रीने कळायला चांगला वेळ जाऊ द्यावा लागतो. तेवढा वेळ लोकांना धरून ठेवणं हे माझं काम. त्याने हात वर केला की समजायचं, सुटलो.

वाफ फुसफुसली. चाकाने एक उसासा टाकल्यासारखं केलं, अडखळलं, आणि फिरलं. लोकांनी टाळ्या वाजवल्या. चीफने हात बेअरिंगवर ठेवला. मी टोपी सारखी केली.

“मंडळी,” मी सुरू केलं, इंग्रजीत आणि माझ्या मते इंग्लंडमधल्या लँकेशायरच्या उच्चारांत, “मी किराणा दुकानदाराचा मुलगा. चौदाव्या वर्षी वडिलांनी करारावर सही करून मला कारखान्यात टाकलं. सकाळी सहाची घंटा. पहिल्या वर्षी फक्त छिन्नी आणि कानस. डाव्या हाताची बोटं बघा.” मी बोटं दाखवली. ती शनिवारच्या कामाने खरोखरच सोललेली होती. पहिल्या रांगेतली एक बाई कळवळली.

चीफकडे बघितलं. हात बेअरिंगवरच.

मी लाकडाचे साचे करणाऱ्या शॉपमध्ये गेलो. तिथून ओतशाळेत. ओतशाळेत मी सहसा दोन वाक्यांत बाहेर पडतो, त्या दिवशी मुक्काम केला. मग ड्रॉइंग ऑफिस. तिथे मात्र पाय टिकेना. “ट्रेसिंग फार काळजीने करावं लागतं,” एवढंच म्हणालो आणि पुढे सरकलो. मागून खोकल्याचा आवाज आला. बायको होती.

हात तसाच.

मग रात्रशाळेत गणित, डोळे मिटत असताना. मग बोटीवर चौथा इंजिनिअर, आणि न्यूझीलंडपर्यंतचा प्रवास. एरवी ही बोट माझ्या प्रयोगात झटकन पोचते. त्या दिवशी मी वादळ आणलं, बॉयलरची नळी फोडली, ती दुरुस्त केली, स्वयंपाक्याशी भांडलो. बोट पोचेना. चाक फिरत होतं. धप, सुस्कारा, धप, सुस्कारा. एक लहान मुलगी आईला म्हणाली, “इज ही स्टिल ऑन द बोट?”

किनाऱ्याला लागलो. पंप उभा केला. इथपर्यंत प्रयोग संपतो. चीफचा हात अजून खालीच होता, तेव्हा साहेबाला मी पुढे कामाला लावलं. लाकूड कापायच्या गिरण्या, दूध संघांचे बॉयलर, सोनं उपसायच्या बोटी. घोड्यावर बसवून गावोगावचे बॉयलर तपासायला पाठवला. म्हातारपणी त्याला उमेदवारांचा वर्ग घ्यायला लावला. यातलं बरंचसं खरं आहे. घोडा माझा.

शेवटी सांगण्यासारखं काहीच उरलं नाही. साहेबाला मारायचंच बाकी होतं, आणि त्या दिवशी तेवढं मला करवेना. मी गप्प झालो. पंप हाउसमध्ये फक्त इंजिनाचा आवाज. चीफने बेअरिंगवरचा हात उचलला, गालाला लावून बघितला, मग आपल्या मुलीच्या गालाला लावला.

“कोमट,” ती म्हणाली.

त्याने हात वर केला.

चौथऱ्यावरून उतरताना टोपी खाली पडली आणि मी ती उचलली नाही. एक कल्ला घामाने सुटून कॉलरवर लोंबत होता. बायकोने तो काढला आणि पर्समध्ये टाकला. “पाणी पी आधी,” ती म्हणाली, आणि पहिल्यांदा मोकळी हसली. स्वयंसेवकांपैकी कुणी कुणाला मिठी मारत होतं, कुणी उगाचच तेलाचे डाग पुसत होतं. मी बेअरिंगखाली वाकून बघितलं. जमीन कोरडी होती.

लोक पांगले तरी चीफने इंजिन बंद केलं नाही. स्टूल चाकाजवळ ओढून बसला. मी शेजारी जमिनीवर बसलो. दोघं चाकाकडे बघत होतो. 

“घोडा कुठून आला?” त्याने विचारलं.

“भाड्याने.”

तो हसला, उठला आणि वाफेची चक्री हळूहळू मिटत नेली. चाक मंदावलं, आपल्याच वजनाने आणखी थोडं फिरलं आणि थांबलं. त्याने हात कापसाने पुसले, सावकाश, एकेक बोट. मला वाटलं होतं, आता तो मागे वळून बघेल. तो मुलीकडे वळला.

“तुझ्या गराजमध्ये व्हाइस आहे का?”

“गराजमध्ये गाडी आहे, डॅड.”

“ती बाहेर ठेव,” तो म्हणाला, आणि तिचा हात धरून दाराकडे निघाला.